‘व्हय म्हाराजा’ कोण म्हणतं?

वेंगुर्ला-कुडाळकडच्या गावांत देवळासमोर गाऱ्हाणं घालतात: एक जण गावासाठी देवाला विनवतो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शब्द गावागणिक बदलतात, घालणाऱ्यागणिकही बदलतात. आमच्या बाजूला ते साधारण असं असतं (रवळनाथ आणि सातेरी ही ग्रामदैवतं):

बा देवा रवळनाथा, आये सातेरी, बारा-पाचाच्या म्हाराजा…
व्हय म्हाराजा!
आज ही सगळी लेकरा एकवटान तुझ्या पायाकडे उभी हत…
व्हय म्हाराजा!
त्येंच्या पोराबाळांची, गुरावासरांची राखण कर. जो कोण कामाधंद्याक मुंबैक ऱ्हवलो आसा, त्येका सुखरूप घराक हाड…
व्हय म्हाराजा!
कोणी वायट चिंतल्यान असात तर त्येचा वायट त्येच्याच दारात रवांदे; काय चुकलामाकला असात ता पदरात घे आनि सगळ्यांचा बरा कर रे म्हाराजा…
व्हय म्हाराजा!

मी इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवते. साहित्यसमीक्षेचा पेपर सुरू झाला की पहिल्या आठवड्यात पुस्तक न उघडता मी हे फळ्यावर लिहिते आणि विचारते, यात काय काय दिसतं ते सांगा. देव, श्रद्धा, आपली संस्कृती हे शब्द तेवढे बाजूला ठेवा. ओळींत जे आहे तेवढंच.

मुलांना भरपूर दिसतं. आधी हाक दिसते. नाव घेतल्याशिवाय पुढे काही सुरूच होत नाही. मग एका वाक्यात तपशील साठत जातात, क्रियापद लांबणीवर पडतं, आणि शेवटी येतं ते आज्ञार्थी: कर, हाड (आण), घे. ज्याला म्हाराजा म्हणायचं त्यालाच ‘रे’ लावून काम सांगायचं. दबून मागणं आणि हक्कानं सांगणं एकाच श्वासात चाललेलं असतं. मर्ढेकरांनी संवादलय, विरोधलय आणि समतोललय अशा लयीच्या तीन तऱ्हा मांडल्या. त्यातल्या विरोधलयीसाठी मला यापेक्षा हाताशी असलेलं उदाहरण सापडलेलं नाही.

मग ओळीची लांबी. इथे अक्षरं किंवा मात्रा मोजून काही मिळत नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याचा दम जेवढा, तेवढी ओळ. गाऱ्हाणं घालणारे आमच्या गावचे जुने घाडी थकले तशा त्यांच्या ओळी आखूड झाल्या आणि ‘व्हय म्हाराजा’ जास्त वेळा यायला लागलं. त्यांच्या पुतण्याच्या ओळी लांबलचक असतात. हातात नारळ, डोळे मिटलेले, आवाज नेहमीच्या बोलण्यापेक्षा एक पट्टी वर. ओळ संपत आली की ‘म्हाराजा’तल्या ‘जा’वर तो आवाज हलकेच खाली उतरतो, आणि तो उतरला की समोरच्यांना कळतं, आता आपण. अंगावरचं पोरसुद्धा त्या उतारावर ‘व्हय’ म्हणतं. अर्थ कळायच्या कितीतरी आधी त्याला रचना कळलेली असते.

आणखी एक गोष्ट बहुतेक वर्षी कुणीतरी मुलगा किंवा मुलगी शोधून काढते, आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो. गाऱ्हाणं घालणारा ‘आम्ही’ म्हणत नाही. ‘ही लेकरा’ म्हणतो, ‘त्येंची राखण कर’ म्हणतो. तो स्वतः त्याच गावचा, त्याच पावसात शेती करणारा, पण गाऱ्हाण्यातल्या वाक्यात तो लेकरांपैकी नाही. वकिलासारखा तो देव आणि माणसं यांच्या मध्ये उभा आहे. एका सर्वनामावरून हे कळतं.

इथपर्यंतचं सगळं ओळींतून मिळालं. रवळनाथ कोण, गाव कुठलं, साल कुठलं, हे ठाऊक नसलेल्या माणसालाही ते मिळालं असतं. वाचनाच्या या शिस्तीला आपण रूपनिष्ठ समीक्षा म्हणतो. १९१७ साली रशियात श्क्लोव्स्कीनं मांडलं की कला ओळखीच्या गोष्टीला अनोळखी करते, म्हणजे आपण ती पुन्हा नीट पाहतो. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावं काढून विद्यार्थ्यांना नुसत्या कविता दिल्या, त्यांची मतं लिहून घेतली आणि १९२९ साली त्यावर पुस्तक केलं. पुढे अमेरिकेत विमसॅट आणि बिअर्ड्स्ली यांनी १९४६ साली ठणकावून सांगितलं की कवीचा हेतू हा कविता जोखण्याचा निकष होऊ शकत नाही. सगळ्यांचा रोख एकच: बाहेरचं आधी सोडा, समोरचं वाचा.

या पद्धतीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि तो पुस्तकी नाही. माझ्या वर्गात बाजारात मासे विकणाऱ्या बाईची मुलगी असते, काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या आईचा मुलगा असतो. घरी पुस्तकांचं कपाट असलेली मुलं कमी. कवीचं चरित्र, त्याचा काळ, त्याच्यावरचे प्रभाव हे सगळं आधी माहीत असेल तरच कविता कळते असं एकदा ठरलं, की ज्यांच्या घरी हे बोललं जातं त्यांचाच वर्ग होतो. बिननावाची कविता समोर ठेवली की सगळे एका पायरीवर येतात. कान सगळ्यांना आहे, आणि दर्याकाठच्या, देवळाकाठच्या मुलांचा कान तर तयारच असतो. संस्कृती-अभ्यासाची, म्हणजे शब्दांबरोबर त्यांच्याभोवतीचा समाज वाचणाऱ्या पद्धतीची, बाजू घेणारे कित्येक जण रूपनिष्ठ समीक्षेला उच्चभ्रूंचा खेळ म्हणून निकालात काढतात, तेव्हा मला ही मुलं आठवतात आणि त्यांचं म्हणणं पटत नाही.

पण एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, “बाई, आमचो आजो कधी व्हय म्हाराजा म्हणूक नाय.”

तिचं घर बौद्धवाडीतलं. आजोबांच्या वडिलांपर्यंत त्यांच्याकडे देवळाचं एक काम होतं: उत्सवात मशाल धरायची. मशाल धरायची ती पायऱ्यांच्या खाली उभं राहून. गाऱ्हाणं सुरू झालं की तिथूनच, बाहेरून, ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांचं मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलं, आणि चवदार तळ्याचं महाड हे तर कोकणच. त्या हाकेनंतर इथल्या कितीतरी वाड्यांनी देवळाची कामं सोडली. तिचा आजा तेव्हा पोरगेला होता. त्यानं मशाल धरली नाही, आणि लांबून गाऱ्हाणं कानावर आलं तरी तोंड उघडलं नाही. गावानं पुढे बराच काळ अबोला धरला, असं तिनं सांगितलं.

आता फळ्यावर पुन्हा बघा. त्या आजोबांच्या न बोलण्याची खूण ओळींत कुठे आहे? कुठेच नाही. चाळीस जणांनी म्हटलं काय नि तीस जणांनी म्हटलं काय, लिहिलेलं ‘व्हय म्हाराजा’ तेवढंच दिसतं. ध्रुवपद तसंच राहिलं, त्यातून एक अख्खी वाडी उठून गेली.

माझंही त्यात आहेच. मी हे गाऱ्हाणं कळायला लागल्यापासून ऐकते आहे. आमच्याकडे बायका मागे उभ्या राहतात, हात जोडतात, आणि ‘व्हय’ पुरुष म्हणतात. बायकांनी म्हणू नये असा नियम कुणी वाचून दाखवलेला नाही. पुढची रांग पुरुषांची, आवाज पुढच्या रांगेचा, एवढंच. ‘ही सगळी लेकरा एकवटान उभी हत’ या ओळीत ‘सगळी’ आहे. ती सगळी कोण, हे ओळ सांगत नाही. ते जागेवर उभं राहिल्यावर दिसतं.

संस्कृती-अभ्यास सुरू होतो तो इथे. त्याची शाळा म्हणून इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या केंद्राचं नाव घेतात. रिचर्ड होगार्ट यांनी ते १९६४ साली सुरू केलं, पुढे स्टुअर्ट हॉल यांनी १९७९ पर्यंत सांभाळलं आणि २००२ साली विद्यापीठानं ते बंद केलं. होगार्ट लीड्सच्या कामगारवस्तीत वाढलेले. हॉल जमैकाहून आलेले. तिसरे रेमंड विल्यम्स, वेल्सच्या सीमेवरच्या पँडी गावच्या रेल्वे सिग्नलमनचे चिरंजीव. होगार्ट आणि विल्यम्स या दोघांनी उमेदीची वर्षं विद्यापीठाबाहेरच्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवण्यात घातली. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात येणारी माणसं समोर असली की कादंबरीतल्या नायकाइतकाच त्या माणसांच्या रोजच्या बोलण्याचा, गाण्याचा, वाचण्याचा प्रश्न उभा राहतो. विल्यम्स यांच्या १९५८ सालच्या एका प्रसिद्ध निबंधाची सुरुवात बसस्टॉपवर होते. हेरफर्डच्या कॅथीड्रलमधला जुना नकाशा आणि साखळदंडानं बांधून ठेवलेली पुस्तकं बघून ते बाहेर येतात, बसमध्ये बसतात आणि आपल्या डोंगराळ मुलखाकडे निघतात. संस्कृती ही कॅथीड्रलमध्ये आहे तशी त्या बसच्या वाटेवरही आहे, ती सर्वसाधारण माणसांची रोजची गोष्ट आहे, हे त्यांचं म्हणणं. सावंतवाडीचा राजवाडा बघून एसटीनं गावी परतणाऱ्या कुणालाही ते समजावून सांगावं लागणार नाही.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्याकडे शिकवताना निसटते. होगार्ट साहित्याचेच प्राध्यापक होते, आणि बर्मिंगहॅमचं ते केंद्र निघालं इंग्रजी विभागाच्या आश्रयानं. १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी कामगारवस्तीतली स्वस्त मासिकं, क्लबातली गाणी आणि बायकांच्या तोंडच्या म्हणी वाचल्या, त्या कविता वाचायच्या सवयीनं: शब्द, सूर, पुनरुक्ती बघत. म्हणजे संस्कृती-अभ्यास रूपनिष्ठ वाचनाच्या घरातूनच बाहेर पडला. त्यानं घर सोडलं ते दोन प्रश्न घेऊन. कविता आणि गाऱ्हाणं, कादंबरी आणि जत्रेतलं गाणं यांत वाचण्याजोगं कोणतं, हे कोण ठरवतं? आणि हे बोलायचा, ऐकायचा, गप्प राहायचा अधिकार कुणाला आहे?

हॉल यांनी १९७३ साली टेलिव्हिजनबद्दल एक मांडणी केली. कार्यक्रम करणारा त्यात एक अर्थ भरतो, पण बघणारा तो जसाच्या तसा उचलेलच असं नाही. कुणी तो मान्य करून घेतो, कुणी अर्धा मान्य करतो आणि अर्ध्यात आपली सोय बघतो, आणि कुणी तो ओळखून नाकारतो. ही मांडणी मी गाऱ्हाण्याला लावून पाहिली. पुढच्या रांगेतले मानकरी पहिल्या तऱ्हेचे. मशाल न धरणारा आजा तिसऱ्या तऱ्हेचा. आणि मधली तऱ्हा आमच्या चाकरमान्यांची.

चाकरमानी गणपतीला किंवा जत्रेला येतो, गाऱ्हाण्यात त्याच्यासाठी राखून ठेवलेली जागा असते: ‘जो कोण कामाधंद्याक मुंबैक ऱ्हवलो आसा’. या ओळीत नाव नाही, धंदा नाही. ज्यानं त्यानं आपल्याला त्यात बसवायचं. एकेकाळी तिथे बोटीनं भाऊच्या धक्क्याला उतरणारा गिरणी कामगार बसत असे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुरुष घरी यायला लागले, तेव्हा घाडी काही दिवस ‘कामाधंद्याक’वर जरा जास्त थांबत असे, असं माझे वडील सांगत. १९९८ साली कोकण रेल्वे रोहा ते मंगळूर सलग धावू लागली, आणि आता त्याच ओळीत दुबईचा इलेक्ट्रिशियन, जहाजावरचा खलाशी, गोव्याच्या हॉटेलातला स्वयंपाकी बसतो. आमच्या गावात तर मुंबईहून व्हिडिओ कॉल लावतात आणि कुणाचा तरी पुतण्या मोबाइल उंच धरून उभा राहतो. पलीकडून ‘व्हय म्हाराजा’ येतं ते एक क्षण उशिरा. तो माणूस बाकीच्या वर्षभरात गावच्या मानपानावर हसतो, जमिनीच्या वाटणीवरून भावाशी भांडतो, पण त्या ओळीला मात्र हात जोडतो. त्याचं ते अर्धं होय आहे आणि खरं आहे.

‘जो कोण’ ही व्याकरणातली साधी संबंधी रचना आहे. रूपनिष्ठ वाचन मला ती दाखवतं. तिच्यात कोण कोण बसून गेलं, हे मला दुसऱ्या अभ्यासानं दिसतं. पण पहिल्यानं ती मोकळी जागा दाखवली नसती तर दुसऱ्यानं कुठे बघितलं असतं?

असाच प्रकार नावांच्या क्रमाचा. आधी रवळनाथ, मग सातेरी, मग पूर्वस म्हणजे गावचा मूळपुरुष, मग सीमेवरचे राखणदार. कवितेच्या तासाला आपण याला परिगणना म्हणू आणि पुढे जाऊ. गावात हा क्रम चुकला तर सभा बसते. देवांच्या क्रमाला लागून मानकऱ्यांचा क्रम येतो, आणि कोकणात मानावरून देवळं बंद राहिली आहेत, शिमग्यात पालखी अडली आहे, पोलीस आले आहेत. एका यादीत कुणाचं नाव कुणाच्या आधी, यावर घराण्यांची किंमत ठरते. रूप आणि सत्ता यांची इतकी उघड सांगड मी दुसऱ्या कुठल्या वाङ्मयात पाहिलेली नाही. त्यामुळे ‘रूप बघायचं की समाज बघायचा’ असा प्रश्न कुणी टाकला की मला तो चुकीच्या जागी टाकलेला वाटतो. समाजानं आपल्या खुणा रूपातच ठेवल्या आहेत. पुरावा तिथे आहे. रूपनिष्ठ समीक्षा तो पुरावा फार सुंदर गोळा करते आणि चौकशी सुरू व्हायच्या वेळी उठून जाते, एवढीच माझी तिच्याविरुद्ध तक्रार.

हे मी बोलले की कुणीतरी म्हणतं, हा आपला जुनाच वाद, कलेसाठी कला की जीवनासाठी कला. तसं नाही, आणि हे मी शिरोड्याच्या जवळ राहून म्हणते आहे. जीवनवादाची बाजू ज्यांनी उचलली ते वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्यात शाळामास्तर होते. मिठागरांच्या त्या गावात त्यांनी दारिद्र्य पाहिलं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. लेखकानं जीवनाकडे पाठ फिरवू नये, असं त्यांना वाटलं यात नवल नाही. पण कलेसाठी कला म्हणणारे ना. सी. फडके काय आणि खांडेकर काय, दोघांच्या वादात लेखक मधोमध होता. त्यानं काय करावं, यावर भांडण. मिठागरात राबणाऱ्या बायका कोणती गाणी म्हणत होत्या, त्यांना वाङ्मय का म्हटलं गेलं नाही, आणि ‘जीवन’ म्हणजे काय हे ठरवणारे कोण, हे प्रश्न त्या वादाच्या बाहेर राहिले.

ते आधी कुणी विचारलेच नव्हते असंही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं तेव्हा, १८८५ साली, जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून यायला नकार दिला. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या दुःखांचा मेळ नाही त्यांच्या सभेत आम्ही कशाला मिसळू, असा त्या पत्राचा रोख. बर्मिंगहॅमला केंद्र निघण्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधीची ही गोष्ट. संस्कृती-अभ्यास हा इंग्रजीच्या प्राध्यापकांनी आणलेला परका विषय आहे, असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे पत्र वाचायला देते.

दशावताराकडे, म्हणजे इथल्या देवळासमोरच्या लोकनाट्याकडे, आलं की तर रूपनिष्ठ पद्धतीची पंचाईतच होते, कारण समोर ठेवायला कागद नाही. रात्री उशिरा पालखी फिरून आली की देवळासमोर खेळ लागतो. आधी आडदशावतार म्हणजे पूर्वरंग: गणपती, मग संकासुर. नंतर आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. कोणतं आख्यान लावायचं, कोण काय करणार, कुठपर्यंत न्यायचं, एवढं ठरतं आणि नट उभे राहतात. एक लाकडी बाकडं असतं, तेच सिंहासन, तेच पलंग, तेच पर्वत. मृदंग आणि हार्मोनियमवाले नटाचा चेहरा बघून पुढची जागा ओळखतात. रावणाचा संवाद आज वीस मिनिटं चालेल, उद्या पाच, ते समोर कोण बसलंय यावर. मग ‘संहिता’ कुठली? आजच्या रात्रीची? मोबाइलवर कुणीतरी टिपलेली? ज्याच्याविषयी ‘समोरचं वाचा’ म्हणायचं ते पहाटे दहीकाल्याबरोबर संपलेलं असतं.

पण इथेही मी रूप सोडायला तयार नाही. स्त्रीपार्टी नट प्रवेश करताना पदराचं टोक दोन बोटांत धरतो, चाल आखडती घेतो आणि पहिलं वाक्य म्हणायच्या आधी तबकडीएवढ्या जागेत एक गिरकी घेतो. बायका ते बघून आपसांत बोलतात. काही जणींना ते फार खरं वाटतं, काही जणी म्हणतात अशी कोण चालता. त्या एका गिरकीत पुरुषांनी घडवलेली बाई आहे आणि बघणाऱ्या बाईचा तिच्याशी चाललेला वादही आहे. गिरकी नीट पाहिली नाही तर तो वाद ऐकू येणार नाही. आणि हाच नट दुसऱ्या दिवशी रिक्षा चालवतो किंवा भाताची कापणी करतो. नाइटचे, म्हणजे रात्रीच्या खेळाचे, पैसे किती मिळाले, गाडीत झोपायला जागा होती का, हे त्याच्या त्या रात्रीच्या अभिनयाबाहेरचं आहे असं मी मानत नाही. थकलेला नट संवाद आखूड करतो. म्हणजे मजुरीसुद्धा रचनेत उतरते.

आता संस्कृती-अभ्यासाच्या नावानं जे चालतं त्याबद्दल. दर सत्रात माझ्याकडे प्रकल्प येतात: ‘लोककलांतील स्त्रीप्रतिमा’, ‘जागतिकीकरण आणि कोकणी संस्कृती’, ‘लोकनाट्यातील जातवास्तव’. पानंच्या पानं वर्चस्व, परिघ, प्रतिरोध. चाळत जावं तर एकही संवाद उतरवलेला नाही, एक ओवी अख्खी नाही, कोण कुठे उभं होतं याचं एक वाक्य नाही. निष्कर्ष आधीच ठाऊक आहे, तो कोणत्याही खेळाला लावता येतो. दशावताराचं नाव खोडून तिथे नमन-खेळे लिहिलं तरी प्रकल्प तसाच राहील. ज्यांच्याबद्दल इतक्या कळवळ्यानं लिहायचं त्यांची कारागिरी वाचायची तसदी घ्यायची नाही, यात त्यांचा मान राखला जात नाही. केशवसुतांच्या सुनीताला आपण चौदा ओळी मोजून वाचतो. मालगुंडच्या त्या कवीला जी सावकाश नजर मिळते, ती त्याच्याच मुलखातल्या जाखडीच्या शाहिराला का मिळू नये? जाखडीच्या नाचगाण्यातले दोन पक्ष, शक्तीवाला आणि तुरेवाला, एकमेकांना कोड्यात पकडतात, एकाच्या शेवटच्या शब्दाला धरून दुसरा कडवं उभं करतो. ते मोजायलाही तेवढाच वेळ लागतो आणि तेवढीच अक्कल.

विभागातले एक ज्येष्ठ सर मला म्हणतात, तू करतेस ते समाजशास्त्र आहे, त्यासाठी वेगळा विभाग आहे. त्यांनी मला कविता वाचायला शिकवली, त्यांचं ऋण मोठं आहे. पण कोण पायरीवर आणि कोण पायरीखाली हे कळल्यावर ‘ही सगळी लेकरा’ या ओळीचा अर्थ माझ्यासाठी बदलला. ओळ बदलली नाही, अर्थ बदलला. अर्थाचा विषय साहित्याचा नाही तर कुणाचा? समाजशास्त्रज्ञ येऊन पायऱ्या मोजील, घरं मोजील. ‘सगळी’ या एका विशेषणाशी त्याला कर्तव्य असेलच असं नाही. मला आहे.

मागच्या बाकावरच्या त्या मुलीनं शेवटच्या वर्षी प्रकल्पाला हाच विषय घेतला. मी तिला एकच अट घातली होती: मत सगळ्यात शेवटी, आधी सगळं उतरवून आण. तिनं गाऱ्हाणं उतरवलं, रस्त्यावर उभं राहून, कारण आत जायचं नाही हे तिनं स्वतः ठरवलं होतं. मग आपल्या वाडीतली बुद्धवंदना उतरवली. दोन्ही समोरासमोर मांडली आणि तिच्या लक्षात आलं की रचना एकाच घाटाची आहे. एक जण पुढे म्हणतो, जमाव उत्तर देतो, आणि शेवटी सगळे मिळून एक शब्द. तिकडे ‘व्हय म्हाराजा’, इकडे ‘साधू, साधू, साधू’. तिथपर्यंत ती फक्त कान देऊन पोचली होती. मग तिनं फरक लिहिले. इकडे कुणाकडे मागणं नाही, कुणाचं वाईट त्याच्या दारात ठेवायला सांगणं नाही. ‘सरणं गच्छामि’ म्हणताना क्रियापद ‘मी’चं आहे, प्रत्येकाला ते स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं, मध्ये वकील नाही. तिची आई, आजी, काकी सगळ्या आवाज काढून म्हणतात. जो आजा तिकडे गप्प राहिला तो इकडे सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा, हे तिला आजीनं सांगितलं.

मी ते वाचून तिला म्हटलं, झालं, छान झालं, आता बांधायला दे. ती म्हणाली, “नाय बाई, अजून एक ऱ्हवला. आमच्याकडे वंदना पुढे कोण सांगता, ता पण लिवक व्हया.”

तिनं ते लिहिलं. तिच्या वाडीत वंदना बहुतेक वेळा निवृत्त झालेले एक गुरुजी सांगतात, ते नसले तर मुंबईहून आलेला कुणी शिकलेला पुरुष. बायकांना सगळं पाठ आहे, त्यातल्या दोघीतिघींचे पाली उच्चार गुरुजींपेक्षा स्वच्छ आहेत, असं तिनं नोंदवलंय. एकदा गुरुजी आजारी असताना तिच्या काकीनं वंदना सांगितली होती. त्या संध्याकाळी काकीचा सूर कुठे चढला, कुठे ती अडखळली आणि ‘साधू’ म्हणायला पुरुषांना किंचित उशीर कसा झाला, याचं वर्णन करायला तिनं दोन पानं घेतली आहेत.